तिखाडीचा रोवणा

१७ जून, मंगळवार

पहिली आली ती वच्छला. आमच्याकडे बसथांब्यावरून कोणी येऊन राहिलं की आधी शेजारची वच्छला येते, मग पाहुणा येते. दारातूनच म्हणे, दुलारीबाई, तुमच्या घरी शहरातली पोट्टी येऊन राहिली, पाठीवर बोजा आहे आन् पायात पोट्ट्यायचे जोडे. मी चहाचं आधण ठेवलं. वच्छलाले बी द्यावा लागला. तिची सून माहेरी काऊन गेली ते ती सांगून राहिली होती, अर्धंच ऐकलं. बाकीचं उद्या विचारते.

तर पोट्टी म्हणजे गुंजन. गोंदियाले कॉलेजात शिकवते, वासाच्या झाडपाल्यावर मोठी परीक्षा देऊन राहिली. मागच्या दिवाळीत आली होती तेव्हा बोडकीवरची तिखाडी, म्हणजे आमचं वासाचं गवत, घेऊन गेली होती. बोडकी म्हणजे आमच्या घरामागची टेकडी. दगड, मुरूम, वाघदेव आन् तिखाडी, याच्यावर तिच्याकडे काही नाही. पण तिखाडी हातात चोळा, वास नाकातून डोक्यात जाते. तिचं तेल गुडघ्याले लावलं म्हणूनच मी अजून देवरीच्या बाजारात पायानं फिरते. भट्टी लावून तेल काढणारे आमचे जेठजी, म्हणजे मोठे दीर, आता राहिले नाही. त्यायच्या हातची एक शिशी फडताळात आहे, तळाले आली.

गुंजन म्हणे, आजी, तुमच्या टेकडीवरच्या तिखाडीत भरपूर तेल आहे. तेच गवत नाल्याच्या काठी होते, तिथं तेल कमी आन् वासही दुसरा. ऊन, दगड, कमी पाणी, याच्यानंच ती वास धरते म्हणे. मग म्हणे, बोडकीवर मुरूमवाल्यांची नजर आहे. दिवाळीत गवत फुलावर आलं की पक्की टेस्ट करीन, तेल निघालं त ग्रामसभेत सांगता येईल की टेकडी खोदू नका, इथं बायांसाठी भट्टी लावा. मुरूमवाल्यांपाशी ती आली तेव्हाच चहा उतू गेला, म्हणून मधलं जरासं सुटलं. पण मुद्दा मले समजला. माझ्या तिखाडीत तेल आहे.

लय आनंद झाला. नातीनं, रिंकीनं, नागपूरले जातानी ही डायरी देल्ली होती, आजी मनात येईल ते लिही म्हणे, कोणी वाचत नाही. चौथीपर्यंतच शिकली मी, पण आज लिहावंसं वाटलं.

१९ जून, गुरुवार, सकाळी

झोप नाही आली. आनंदानंच नाही आली. विचार करून राहिली होती.

बिचारी तिखाडी. खायले दगड, प्यायले काही नाही, वरून ऊन. उपाशी राहून एवढं तेल देते, त पोटभर खाल्ल्यावर किती देईन? कंजूस घरातली सून जशी बारीक बारीक होऊन बी सगळ्यायचं करते, तशी आहे ती. तिले जरा माहेरी आणा, दूध-तूप घाला, मग पाहा.

आपण धानवाले लोक. धानाचे पऱ्हे टाकतो, उपटतो, चिखलात रोवतो, तवाच धान होते. जागच्या जागी ठेवलं त कोणाचं भलं झालं? म्हणून ठरवलं. तिखाडीचा रोवणा करायचा. विहिरीजवळची बांधी, म्हणजे पाणी धरणारं आमचं सगळ्यात चांगलं वावर, तिथं.

बुढा चिडला. बुढा म्हणजे आमचे हे, तुलसीराम. त्या बांधीत दरसाल घरी खायचा चिन्नोर धान असते, शिजला की गल्लीत वास जाते. म्हणे, चिन्नोरले जास्त युरिया मारला त वास उडते, हे तूच मले शिकवलं, आन् आता तिखाडीले चिखलात घालतेस? मी म्हटलं, तो धान, हे गवत. दोघायचं लग्न थोडंच लावायचं आहे. त्यावर उठून बैलायकडे गेले. मी जिंकली.

निश्चय एक. गुंजनले आधी सांगायचं नाही. दिवाळीत एकदम दाखवायचं.

८ जुलै, मंगळवार

रोवणा झाला. बचत गटाच्या सगळ्या बाया आल्या. मी म्हटलं, भट्टी आली त सगळ्यायची. सकाळपासून बोडकीवर कुदळी चालल्या. वरचं, दाट दाट, चांगलं चांगलं सगळं आणलं. खाली उतरतानी डोक्यावर भारे आन् सगळ्यायच्या अंगाले असा वास की कुत्रे बी शिंकून राहिले होते. मग चिखलात ओळीनं रोवलं. शेणखत टाकलं. युरियाची मूठ बी फेकली, बुढा जेवायले गेला होता तेव्हा.

सून ओमेश्वरी वर पाहून म्हणे, आई, टेकडी अर्धी भादरल्यासारखी दिसून राहिली. मग म्हणे, थोडं बियाण्याले तरी ठेवू. मी म्हटलं, ठेवलं ना, दगडाच्या फटीत आहे ते कोणाच्या कुदळीनं निघते? ते खुरटं आहे, राहू दे. वाघदेवाचा दगड तेवढा मधात एकटा उभा राहिला. आधी गवतात दिसत नव्हता. बरं झालं, देव मोकळा झाला.

गुडघे ठणकून राहिले. शिशी वाकडी करून दोन थेंब लावले. आता शिशीची चिंता नाही, दिवाळीनंतर डबे भरतीन.

२० जुलै, रविवार

विहिरीत लाल पाणी आलं. बोडकीवरून धुवून आलं म्हणते बुढा. इतक्या वर्षांत कधी आलं नाही, पण इतक्या वर्षांत असा पाऊस बी आला नाही. (आला होता म्हणते वच्छला. तिच्या सुनेचं अजून पूर्ण समजलं नाही, तरी दुसऱ्यायच्या पावसाची माहिती आहे.) तुरटी फिरवली. चहा जरा लाल दिसते, तेवढंच.

तिखाडीचे काही थोंब सडले. कमजोर असतीन. बाकीचे हिरवेगार. एवढी हिरवी तिखाडी जेठजींनी बी पाहिली नसन.

एक साप आला अंगणात. दुसरा वच्छलाकडे. ओमेश्वरी म्हणे, वर त्यायचं घर उखडलं ना आपण. मी म्हटलं, श्रावण जवळ आला, नागोबा दर्शनाले येऊन राहिले. हात जोडले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

तिखाडी माझ्या कमरेच्या वर गेली. बुढ्यानं बैल सजवले, झुली घातल्या, शिंगाले बेगड लावली. मी म्हटलं, यंदा गळ्यात तिखाडीची माळ घालू, वास बी येईन आन् माश्या बी पळतीन.

माळ घातली. तोरणापर्यंत जाऊस्तोवर बैलानं ती खाल्ली. दुसऱ्या बैलाची बी त्यानंच खाल्ली.

एरवी बोडकीवरच्या मोठ्या तिखाडीले आमचे बैल तोंड नाही लावत. हुंगते आन् फुरफुर करून मान फिरवते. सगळ्या गावासमोर बुढा म्हणाले, "बुढे, तुले तेल नाही जमत, पण वैरण मस्त पिकवली तू." लोक लय हसले. मी बी हसली. खरं म्हणजे बैलाले चव समजली. तेलाची गोष्ट आहे, तिखटपणा जाऊन गोडवा आला असन.

वासाचं म्हणाल, त मले सर्दी झाली आहे. पान चोळलं, काही आलं नाही. ओमेश्वरीले दिलं, तिले बी आलं नाही. तिले बी सर्दी झाली असन. साथ आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज पहिला आला तो ड्रायव्हर, पाणी मागायले. मग पांढऱ्या गाडीतून वीरेंद्र नावाचे साहेब उतरले. उंच, गोरे, पायाले हात लावून नमस्कार केला, माताजी म्हणाले. असे पाहुणे घरी यायले भाग्य लागते. संग दोघं जण, तीन पायाची मशीन आन् रंगाचे डबे घेऊन. दिवसभर बोडकीवर चढून उतरून राहिले. मी चहा पाठवला, मग भजे पाठवले.

संध्याकाळी ओमेश्वरी शेळी आणायले गेली ती धावत आली. म्हणे, आई, सगळ्या दगडायवर लाल फुल्या मारल्या, वाघदेवाले बी रंग फासला.

माझे त हातच जोडल्या गेले. आजकालचे शिकलेले लोक देवाले ओळखत नाही, आन् यायनं स्वतः होऊन शेंदूर लावला. गावातल्या एकाले जमलं नाही ते पाहुण्यायनं केलं. ओमेश्वरी म्हणे, शेंदूर नव्हे, पेंट होय, त्याच्या खाली नंबर बी लिहिला आहे. मी म्हटलं, असन. मोठ्या देवस्थानात नंबर राहतेच, लाइन लावायले.

बुढा जेवले नाही. म्हणे, मुरूमवाले होय ते. मी म्हटलं, नमस्कार केला मले. मुरूमवाले नमस्कार करते का?

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सोनं वाटून झालं. दरसाल या दिवसात सांजेले बोडकीवरून वारा उतरते आन् सगळ्या गावात तिखाडीचा वास पसरते. परक्या गावचा माणूस बी थांबते, विचारते हे काय जळून राहिलं गोड गोड. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्यांदा तो वास आला आन् मले वाटलं होतं, सासर बरं दिसते.

यंदा ओट्यावर बसली. वारा आला. डोळ्यात धूळ गेली.

बुढा माझ्या बाजूले बसले होते. लय वेळ वर पाहून म्हणाले, "वारा येऊन राहिला, पण टेकडी येऊन नाही राहिली." म्हातारपणी माणूस असं काहीबी बोलते. मी त्यायले म्हटलं, सर्दी आहे तुमाले बी.

निश्चय. उद्यापासून सगळ्यायले सुंठीचा काढा.

बांधीतली तिखाडी पाहून आली. माझ्यापेक्षा उंच. फूल अजून नाही. धान जसा गर्भात राहते तशी असन. पोटरीत वास साठवून राहिली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

गुंजनचा फोन आला. परीक्षेची ड्युटी लागली, येता येत नाही म्हणे. आजी, तुम्ही एक भारा देवरीच्या बसनं पाठवा, पुढं माझा माणूस घेईन. तीन-तीनदा बोलली, बोडकीवरचंच पाठवा, वरच्या दगडातलं, फुलावर असलेलं. ग्रामसभेच्या आधी टेस्ट झाली पाहिजे, आता सगळं याच्यावरच आहे म्हणे. मी म्हटलं, बाई तू टेन्शन घेऊ नको, तुझ्यासाठी निवडून पाठवते.

ओमेश्वरीनं ऐकलं असन. मले न सांगता वर गेली आन् फटीतलं जे खुरटं उरलं होतं त्याची एक जुडी घेऊन आली. काडी काडी, पानं तांबूस, वर थोडं फूल. बसच्या टोपलीत ठेवून दिली.

आता तुमीच सांगा (कोणाले विचारून राहिली मी?), पाहुण्याच्या टोपलीत किडकं वांगं ठेवते का कोणी? हातभर चांगलं वांगं बाजूले ठेवून? लोक काय म्हणतीन, दुलारीच्या घरून हे आलं? मी ती जुडी काढली. बांधीतलं उंच, हिरवं, लवलवतं कापलं, धुतलं, लाल दोऱ्यानं बांधलं. फूल एखाद-दुसरंच होतं, ते वरून दिसन असं लावलं. कंडक्टर म्हणे, आजी, गाय कोणाची आहे देवरीले? त्याले काय समजते.

जुडी फेकवेना म्हणून तांदळाच्या कोठीत टाकली, किडे नाही लागत.

घरात आल्यापासून सगळीकडे वास येऊन राहिला. कोठीच्या खोलीत त जास्तच. जेठजींची शिशी सांडली असन, पाहावं लागन.

९ नोव्हेंबर, रविवार

शिशी नव्हती सांडली.

गुंजनचा फोन आला. आवाज बसला होता पोट्टीचा. टेस्टमध्ये तेल नाहीच्या बरोबर निघालं म्हणे. आधीच्या सॅम्पलात होतं ते यात नाही, असं कसं झालं समजत नाही. मग विचारलं, "आजी, खरं सांगा, हे बोडकीवरचंच होतं ना?"

आता खरं पाहालं त बोडकीवरचंच होतं. जन्म तिथलाच. मी लग्न होऊन इथं आली म्हणून माहेरची नाही राहिली का? मी म्हटलं, "होय बाई, बोडकीवरचंच."

मग म्हणे, तसं असन त मले रिपोर्टात तेच लिहावं लागन. मी म्हटलं लिही ना, कष्ट केलेस तू. तिले वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, मशीन बिघडली असन.

ओमेश्वरी दारात उभी होती. मग तिनं भांडे जोरात घासले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ग्रामसभा झाली. मी ठरवून गेली होती, कमी बोलायचं आन् शेवटी बोलायचं. पोळ्याचं लुगडं नेसली.

वीरेंद्रनं बोडकीचे फोटो मोठे करून आणले होते. किती सुंदर निघाले, एकेक दगड मोजता येते. मध्ये लाल वाघदेव. म्हणे, पाहा, काहीच नाही टेकडीवर, ना झाड ना गवत, उगाच पडून आहे. रस्त्यासाठी मुरूम निघन, गावाचं नाव होईन. मग गुंजनचा रिपोर्ट वाचला सचिवानं. तेल नाही. ती मागं बसली होती, खाली पाहून. मी हात हलवला, तिनं पाहिलं नाही.

सरपंचानं विचारलं, टेकडी कोणाच्या कामाची आहे का, असन त आता सांगा.

कोणीच उठेना. मले राहवलं नाही. एवढी मोठी माणसं जमली आन् तिखाडीचं नाव कोणी घेत नाही. मी उठली आन् सांगितलं, टेकडीचं काही टेन्शन घेऊ नका, चांगली चांगली तिखाडी मी आधीच काढून आणली, ती सगळी माझ्या विहिरीजवळच्या बांधीत आहे, वर आता काहीच राहिलं नाही.

पहिल्यांदा वीरेंद्रनं टाळी वाजवली. मग बाकीच्यायनं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. गुंजननं तेव्हा मान वर केली आन् माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मले वाटलं पोट्टीले चक्कर येऊन राहिली.

मग मुरूम काढायले हो म्हणून हात वर झाले. मी बी केला, सगळे करून राहिले होते. बुढ्यानं नाही केला. चप्पल घालून निघून गेले.

गुंजन बसच्या आधी घरी आली. चहा घेतला नाही. मी तिले बांधी दाखवली. ती बांधीच्या कडेले, धुऱ्यावर उभी राहिली, एक पान तोडलं, चोळलं, नाकाजवळ नेलं आन् तसंच हातात धरून ठेवलं. म्हणे, आजी, तिले उपाशीच राहू द्यायचं होतं. मी म्हटलं, बाई, माझ्या दारात आजवर कोणी उपाशी राहिलं नाही. ती हसली बहुतेक. पुन्हा कधी येते ते नाही बोलली. घाईत होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बुढ्यानं सकाळीच बांधी कापली. सगळी तिखाडी बैलायसमोर टाकली. बैलायनं चाटून पुसून खाल्ली.

दुपारी पहिली आली ती वच्छला. तिची सून परत आली, मुळात भांडण काय होतं ते आता कोणाले आठवत नाही. तिच्यामागून वीरेंद्र आले, पेढे घेऊन. माताजी, तुमच्यामुळं काम सोपं झालं म्हणाले. बोडकीच्या सगळ्यात जवळ आमचंच अंगण, म्हणून मशीन इथूनच वर चढवतीन. विचारलं, अडचण नाही ना? मी म्हटलं, अडचण कायची, पाहुणा म्हणजे देव. वाघदेवाचं विचारलं मी. त्याले बाजूले चांगल्या जागी बसवू म्हणाले. म्हणजे देवाचा बी रोवणाच.

ते गेल्यावर गुडघे लय ठणकले. शिशी उलटी करून झटकली, काही पडलं नाही. रात्रीच्या भातासाठी कोठीत हात घातला त ती जुडी हाताले लागली. खुरटी, वाळून चाललेली. चोळली.

सर्दी नव्हती मले.

जुडी घेऊन कोठीजवळच बसून राहिली. वास तिखट राहते, डोळ्यातून पाणी येते. ओमेश्वरी आली, बाजूले बसली, तिनं बी चोळली. मग तिनं तेच हात माझ्या गुडघ्यायवरून फिरवले.

निश्चय. पुढच्या साली खत नाही, पाणी नाही, चिखल नाही. जुडीतलं बी झाडून ठेवीन. बोडकीवरच नेऊन टाकीन, वरच्या दगडात, उपाशी. ओमेश्वरीले सांगितलं. ती म्हणे, कोणत्या दगडात, आई?

अंगण सारवायचं आहे. तुळशीवृंदावन जरा मधात येते म्हणत होता ड्रायव्हर, ते सरकवावं लागन. चहापत्ती आणायची आहे.

मंगळवारी येतो म्हणाले, मशीन घेऊन.